तबल्याविना चौघं

वाचनालयात संगीताचा कार्यक्रम, म्हणजे उलटंच काम. एरवी आमच्या गुलबर्ग्याच्या वाचनालयात कुणी खोकललं तरी चष्म्यावरून बघतात. पुस्तक बदलायला गेले तर दारावर कागद दिसला: चार तंतुवाद्यं, बेंगळुरूचे वादक, प्रवेश फुकट. घरी येऊन अप्पांना सांगितलं आणि लगेच जीभ चावली.

अप्पा म्हणजे माझे वडील. गावाकडं, खटकचिंचोळीच्या सोमवारच्या भजनात पहिल्यापासून तबल्यावर तेच. मग कमी ऐकू यायला लागलं, हात समेवर उशिरा पडायला लागला. कुणी काही बोललं नाही, पण एका सोमवारी गाणाऱ्या मित्रानं मागं वळून नुसतं पाहिलं. तेवढं पुरलं. भजन सोडून ते माझ्याकडं येऊन राहिले. का आलात विचारलं की म्हणायचे, गुडघे दुखतात. गुडघे! रोज मंडईपर्यंत पायी जाणाऱ्या माणसाचे! कानांचं त्यांनी कधी कबूल केलं नाही, आणि विचारायची माझी छाती नव्हती.

"चौघंच व्हय? आन् तबला?"

"तबला न्हाई, अप्पा."

"मग ताल कोण धरतंय?" ते चप्पल शोधायला लागले.

आम्ही पोचलो तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता. वादकांच्या पुढ्यातले कागद उडू नयेत म्हणून त्यांना कपड्यांचे चिमटे लावले होते आणि पंखे बंद केले होते. रोज पेपर वाचायला येणाऱ्या एका आजोबांना ते सोसेना. त्यांनी उठून पंखा लावला, कागद उडाला, वाजवणं थांबलं. त्या गडबडीत आम्हाला अगदी पुढची बाकडी मिळाली, मुख्य व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईंच्या समोर.

सगळे त्यांच्या बोटांकडं बघत होते. अप्पा खांद्यांकडं. मला कळेना, काय शोधताहेत. दुसरी रचना सुरू झाली तशी त्यांनी मला ढोसलं आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "बाईनं दम घेतला की चौघं बी सुरू व्हायलेत!"

अख्खं वाचनालय आमच्याकडं बघायला लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पुढच्या वेळी मी मुद्दाम पाहिलं, तर खरंच होतं. त्या श्वास घेत, खांदा जरासा वर जाई, बाकी तिघांची नजर तिथंच, आणि चौघांचे गज एकदम तारांवर पडत. माझे कान चांगले शाबूत, पण मला हे दिसलं नव्हतं. मग मीही त्या खांद्याकडंच बघत बसले. शेवटच्या रचनेत अप्पांची बोटं गुडघ्यावर पडायला लागली. एकदाही उशीर नाही.

संपल्यावर ते थेट बाईंपुढं जाऊन उभे राहिले आणि आपल्या दखनी हिंदीत म्हणाले, "अम्मा, तुम दम लेते सो देखके ये लोगां बजाते ना?"

बाई हसल्या. जोरात बोलायची त्यांना सवय असावी. म्हणाल्या, व्हायोलिन आपल्याच कानाशी असतं, पुष्कळदा दुसऱ्यांचं ऐकूच येत नाही, मग एकमेकांकडं बघावं लागतं.

"तुमकू बी सुनने नै आता?" अप्पांना केवढा आनंद झाला! माहेरचं माणूस भेटावं तसा.

रिक्षात बसल्यावर म्हणाले, "त्याला फोन लाव." त्याला म्हणजे गाणाऱ्याला. मी लावून दिला.

"सोमवारी यायलोय," अप्पा ओरडले. "ह्या बारीला माझ्याकडं तोंड करून बस. मला कमी ऐकू यायलंय."

तिकडून काही बोलणं झालं असावं, पण अप्पांना ते कळेना. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "काय म्हणायलाय बघ."

"पोरी," गाणाऱ्याचा आवाज ओला झाला होता, "त्याला सांग, तवापासून आम्ही नुसत्या टाळ्यांवर भजन करायलाव. तबल्यावर दुसऱ्या कुणाला बसू दिलं न्हाई."

मी अप्पांच्या कानाला तोंड लावलं आणि जेवढ्या मोठ्यानं ओरडता येईल तेवढ्या मोठ्यानं ते सांगितलं.