तारेनं बांधलेली पोती

फळांच्या शेडमध्ये तिला सगळे अंगठाबाई म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं, बाईंना सही करता येत नसावी. तसं काही नाही. जेवणाच्या सुट्टीत ती वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचून काढते आणि वर शुद्धलेखनाच्या चुकाही दाखवते. नाव पडलं ते तिच्या उजव्या अंगठ्यामुळे. पट्ट्यावरून पीच सरकत आलं की ती ते उचलते, देठाजवळच्या खळगीत अंगठा हलकेच टेकवते आणि निकाल देते. चांगलं डावीकडे, बाद उजवीकडे. बावीस वर्षं हेच काम. मोठमोठे बागायतदार तोऱ्यात पेट्या घेऊन येतात आणि तिच्या टेबलापाशी आले की निकालाला उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यासारखे गप्प होतात. कुणी चहा पाजून बघितला, कुणी लांबचं नातं काढून बघितलं. चहा ती पिते, नात्यातल्या सगळ्यांची खुशाली विचारते आणि पेटी उजवीकडेच सरकवते.

तिचा वैरी एकच, तपकिरी कूज. पिकत आलेल्या फळावर ही बुरशी आधी शर्टाच्या बटणाएवढा डाग पाडते. दुसऱ्या दिवशी अर्धं फळ तपकिरी होतं, तिसऱ्या दिवशी वर राखेसारखी भुकटी धरते, आणि शेजारच्या फळाला नुसता स्पर्श झाला तरी पुरतो. झाडावर सडलेलं फळ खाली पडेलच असंही नाही. ते आकसतं, काळं पडतं, सुरकुततं आणि हिवाळाभर फांदीला चिकटून बसतं. बागेतले लोक त्याला म्हातारा म्हणतात. म्हातारा दिसायला मेलेला, पण त्याच्या पोटात बुरशी जिवंत असते. वसंतात फुलं उमलली की ती वाऱ्यापावसाबरोबर फुलांत शिरते. म्हणून पानं झडून झाडं उघडी असतात तेव्हाच एकेक म्हातारा शोधून काढायचा आणि खोल पुरायचा. तेवढं केलं नाही तर पुढची फवारणी म्हणजे औषध मातीत ओतण्यासारखं.

तिच्या वडिलांनी बागेचे दोन भाग करून दिले होते. पाण्याच्या पाटाच्या अलीकडचा तिला, पलीकडचा तिच्या दादाला. जमीन वाटताना त्यांनी एक नियमही घालून दिला. हिवाळ्यात म्हातारे काढायचे ते आपल्या झाडांवरचे नाहीत. तिनं दादाची झाडं साफ करायची आणि दादानं तिची.

"आपल्या झाडाला माणूस सूट देतो," वडील म्हणायचे. "एक राहिला तर काय मोठंसं, असं वाटतं. दुसऱ्याच्या झाडावर तसं वाटत नाही. तिथं लाज वाटते."

या नियमाला एक शेपूट होतं. काम संपेपर्यंत आपल्या भागात मान वर करून बघायचं नाही. बघितलं म्हणजे दुसऱ्याच्या कामावर संशय घेतला. शेवटी दोघांनी आपापली पोती खड्ड्यापाशी आणायची, तोंड सोडून एकमेकांना दाखवायची, परत बांधायची आणि पुरायची. वडील जाऊन चौदा वर्षं झाली, पण एकाही हिवाळ्यात हे चुकलं नव्हतं.

तिला सुट्टीच्याच दिवशी वेळ मिळायचा. ती दादाच्या झाडावर शिडी लावायची आणि दादा खाली शिडी धरून उभा राहायचा. हे लहानपणापासूनचं. ती नऊ वर्षांची असताना शिडीची पायरी मोडली होती. ती वर फांदीला लोंबकळत होती आणि शिडी घसरून दादाच्या हातावर येत होती. त्यानं शिडी सोडली नाही. त्याच्या मधल्या बोटाचं नख चिरडलं, ते पुढे वाकडंच उगवलं. शेडमधल्या बायका आपापल्या भावांची गाऱ्हाणी सांगायला लागल्या की ती त्या नखाची गोष्ट सांगायची. बायकांना ती पाठ झाली होती.

तिच्या भागात मात्र दादा एकटाच काम करायचा, ती शेडमध्ये असताना. "मला कुणी लागत नाही," तो म्हणायचा. "आकडीची काठी आहे, उंची आहे. तू तुझे पीच बघ."

गेल्या हिवाळ्यात तिनं सहा पोती भरली. जुन्या निळ्या पडद्याच्या चिंध्यांनी तोंडं बांधली, नेहमीसारखी. दादानं सात आणली, तारेनं बांधलेली. त्यानं एकेकाचं तोंड सोडून दाखवलं. वर काळेकुट्ट, सुरकुतलेले म्हातारे.

"सात? माझ्या झाडांवर एवढे?"

"तुझी झाडं मायाळू आहेत. सोडतच नाहीत कुणाला."

ती खूप हसली. "दमलास रे दादा," म्हणाली. दादानं मान हलवली आणि खड्ड्यात माती ओढायला लागला.

त्याच हिवाळ्यात एकदा पाटाकडे जाताना कोपऱ्यातल्या झाडाच्या शेंड्याला तिला काहीतरी काळं दिसलं होतं. तिनं लगेच मान खाली घातली. पक्ष्याचं घरटं असेल, असं मनाशी म्हणाली आणि पुढे गेली. बावीस वर्षं लोकांच्या फळांवरचा सुईच्या टोकाएवढा डाग हेरणारी बाई, स्वतःच्या झाडाखालून डोळे मिटल्यासारखी गेली.

वसंतात फुलं आली आणि चार दिवस पाऊस लागला. पाचव्या दिवशी तिच्या भागातली फुलं तपकिरी पडली. गळलीसुद्धा नाहीत, ओल्या कागदाच्या बोळ्यांसारखी डहाळ्यांना चिकटून राहिली. डहाळ्यांचे शेंडे वाकले, सालीतून डिंक ओघळला. फवारणी तिनं वेळेवर केली होती. तरी ती औषधाच्या डब्यावरचं प्रमाण पुन्हा पुन्हा वाचत बसली. बादली मोठी होती का? पाणी जास्त झालं का?

दादा आला, तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "पाऊसच तसा होता. तू काय करणार?" तिला बरं वाटलं. आपलं माणूस आहे, असं वाटलं.

उन्हाळ्यात उरलीसुरली फळं रंगावर आली आणि सडायला लागली. तिच्या बागेतल्या पेट्या शेडमध्ये तिच्याच टेबलावर आल्या. तिनं पहिलं पीच उचललं, अंगठा टेकवला, उजवीकडे ठेवलं. दुसरं उजवीकडे. तिसरं. पट्ट्याचा आवाज तेवढा चालू होता.

"बाई, या पेट्यांना दुसऱ्या कुणाला बसवू का?" मुकादमानं हळूच विचारलं.

"का? माझा अंगठा सुट्टीवर गेलाय का?"

तिनं आपल्या सगळ्या पेट्या स्वतः बाद केल्या. या बागेचा माल शेडमध्ये घेऊ नये, असं फळ्यावर लिहायची वेळ आली तेव्हा खडूही तिनंच उचलला. घरी जाऊन हात धुताना मात्र तिला रडू आवरलं नाही.

मग बागायतदारांची बैठक झाली. रोग पसरू नये म्हणून बोलावलेली. दादाच्या बागेच्या पाटालगतच्या दोन ओळींनाही लागण झाली होती, बाकी बाग धडधाकट. कुणीतरी विचारलंच, एकाच वडिलांची बाग, मग पाटाच्या या बाजूला स्मशान आणि त्या बाजूला फळं, हे कसं?

दादा उठला. "म्हातारे मी स्वतः काढलेत. सात पोती. तिनं डोळ्यांनी बघितलीत. आता फवारणीचं म्हणाल तर ती दिवसभर शेडमध्ये असते. एकटीनं किती करणार? वेळ चुकली असेल."

सगळ्यांनी मागच्या रांगेकडे वळून बघितलं. ती तिथंच बसली होती. आणि काय सांगायचं, तिनं मान डोलावली. चुकली असेल, असं तिलाही वाटलं. दादा उगाच कशाला बोलेल?

सडकी फळं काढायची राहिली होती. तिनं दादाला शिडी धरायला बोलावलं. तो म्हणाला, गुडघा धरलाय. मग तिनं शेजारच्या बागेतल्या छाटणीवाल्याला बोलावलं आणि कोपऱ्यातल्या झाडावर चढली. एरवी तोडणी मजूर करायचे; आपल्या झाडाच्या शेंड्यापर्यंत ती चौदा वर्षांत पहिल्यांदा पोचली.

खालच्या फांद्या, काठी सहज पोचेल तिथवर, साफ होत्या. वर पानांच्या आड गेल्या वर्षीचे म्हातारे बसलेले होते. अक्रोडासारखे टणक, अंगावर राखाडी भुकटी. यंदाचं सडकं फळ मऊ असतं, हा फरक तिला कुणी शिकवायला नको होता. ती दुसऱ्या झाडावर चढली. तिथंही तेच. तिसऱ्यावरही.

"खाली या बाई," छाटणीवाला म्हणाला. "ऊन लागेल तुम्हाला."

तरी तिनं दादाची बाजू घेऊन बघितली. सात पोती काढली होती ना त्यानं? मग एवढ्या गर्दीत थोडे राहिले असतील. छाटणीवाल्याला तिनं घरी पाठवलं, फावडं घेतलं आणि भर दुपारी खड्डा उकरला.

निळ्या चिंध्यांची पोती वर लागली, ती बाजूला ठेवली. खाली तारेची होती. पहिल्या पोत्याची तार तिनं पिळा उलटा फिरवून सोडली. तोंडाशी ओंजळभर म्हातारे. त्याखाली पाला. कुजलेला, काळा, ओला पाला, पार तळापर्यंत. दुसऱ्या पोत्यातही पाला. एकेक करत तिनं सातही पोती ओतली आणि त्या ढिगाजवळ मातीतच बसली. 'दमलास रे दादा,' असं आपण इथंच उभं राहून म्हणालो होतो, हे तिला आठवलं आणि तिचे कान तापले.

तारेसकट एक पोतं पाल्यानं परत भरून ती दादाच्या घरी गेली. दादा आणि वहिनी चहा घेत होते. तिनं पोतं बैठकीच्या खोलीत, सतरंजीवर उलटं केलं.

दादानं कप खाली ठेवला.

"शिडीवर चढवत नाही मला," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. दोन पायऱ्या चढलो की पाय कापायला लागतात. आधीची दोन वर्षं रोग नव्हता, निभावलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मोठा भाऊ आहे मी तुझा."

"मी म्हटलं होतं यांना," वहिनी म्हणाली. "सांगून टाका म्हणून."

म्हणजे वहिनीलाही ठाऊक होतं. या घरात तीन वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ती मात्र दर सुट्टीला यांच्या झाडांवर चढत होती.

"दादा, मीच चढले असते. माझ्या झाडांवर मी चढले असते, तू नुसता खाली उभा राहिला असतास. एवढंच तर होतं."

"लाज वाटली गं."

"शिडीवर पाय कापतात, ते समजलं. बैठकीत उभा राहिलास तेव्हा नाही कापले?"

"चारचौघांत कसं सांगणार होतो?"

"चारचौघांत माझं नाव बरं घेता आलं."

आपल्याच माणसानं केसानं गळा कापला, असं ती लोकांच्या तोंडून पुष्कळदा ऐकत आली होती आणि दरवेळी तिला ते जरा जास्तच वाटायचं. घरी परतताना तिनं ते शब्द मनात पुन्हा उच्चारले. आता त्यात जास्त काही वाटत नव्हतं.

वडिलांनी स्वतः कलम केलेली अकरा झाडं पार आतपर्यंत वाळली होती. ती तिला तोडावी लागली. बुंध्यांवर तिनं स्वतःच्या हातानं करवत चालवली. शेडमध्ये तिनं कुणाला काही सांगितलं नाही. फक्त नखाची गोष्ट सांगायचं बंद केलं. बायकांच्या ते लक्षात आलं, पण त्यांनीही विचारलं नाही.

पुन्हा हिवाळा आला, पानं झडली. पहिल्या सुट्टीच्या दिवशी तिनं आपल्याच भागात, कोपऱ्यातल्या झाडाला शिडी लावली. मान वर करून प्रत्येक फांदी नीट बघितली. पाटापलीकडून दादा आला. हातात काठी नव्हती. तो शिडीपाशी आला आणि त्यानं नेहमीसारखे दोन्ही बाजूंचे दांडे घट्ट धरले. मधल्या बोटाचं वाकडं नख लाकडावर टेकलेलं तिला दिसलं.

"सोड, दादा."

"पडशील."

"सोड म्हणते ना."

त्यानं सोडली. तिनं कोटाच्या खिशातून दोरी काढली, शिडी बुंध्याला दोन जागी बांधली, गाठी ओढून बघितल्या, एकदा अंगाचा भार टाकून हलवून बघितली आणि मग वर चढली. शेंड्याजवळ पोचल्यावर तिनं खाली नजर टाकली. दादा तिथंच उभा होता, हात अजून दांडे धरल्यासारखे पुढे केलेले.

"तुझ्या बाजूची झाडं पुढच्या सुट्टीला करते," ती वरूनच म्हणाली. "तू यायची गरज नाही. दोरी आहे माझ्याकडे."