घैसासांचा कान

दिल्लीजवळच्या मानेसरमधल्या एका कारखान्यातून गिअरबॉक्स बाहेर पडण्याआधी शेवटचा शब्द मुरलीधर घैसासांचा असे. बेंचवर गिअरबॉक्स फिरू लागला की घैसास आपला लांब, जुना स्क्रू ड्रायव्हर उचलत, त्याचं टोक गिअरबॉक्सच्या अंगावर टेकवत, मूठ कानामागच्या हाडाला लावत आणि डोळे मिटत. दहा-बारा सेकंद. मग मार्करने ठिपका: हिरवा म्हणजे माल पास, लाल म्हणजे परत. तेवीस वर्षांत त्यांच्या हिरव्या ठिपक्याचा एकही गिअरबॉक्स गिऱ्हाइकाकडून परत आला नाही, असं लोक सांगत. खरं म्हणजे दोनदा आला होता. पण ते कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं आणि घैसासांनी तरी ते का उकरून काढावं?

चिंचवडचा कारखाना सोडून ते इकडे आले तेव्हा त्यांची हिंदी ऐकून फोरमन तोंडावर हसत. एके दिवशी चालू बेंचजवळून जाताना घैसास थबकले आणि म्हणाले, "तिसरे गिअर का एक दाँत गया है." उघडून पाहिलं, तर खरोखरच एका दाताचा टवका उडालेला. त्या दिवसापासून हसणं बंद झालं. "घैसासजी का कान" ही कारखान्याची एक चीजच झाली. पाहुणे आले की त्यांना दाखवायची. कुणाला घराचा अभिमान असतो, कुणाला पोरांच्या शिक्षणाचा. घैसासांना मूलबाळ नव्हतं, बढती हुकली ती हुकलीच, आणि एवढ्या मोठ्या दिल्लीत त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. त्यामुळे त्यांचा सगळा अभिमान दोन कानांत येऊन साठला होता.

आणि तेच कान गेली तीन-चार वर्षं त्यांना दगा देत होते.

जाड आवाज अजून नीट येत. घरघर, खडखड, बेअरिंगची कुरकुर, सगळं कळे. गेली होती ती बारीक शिट्टी. सुरुवातीला गुरुग्रामच्या घरासमोरच्या झाडावरची पाखरं गप्प झाली. मग एका रविवारी त्यांच्या पत्नी वीणाताई भाजी आणायला खाली गेल्या आणि जाताना सांगून गेल्या, "अहो, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." त्या परत आल्या तेव्हा डाळ जळून कोळसा झाली होती आणि घैसास कुकरपासून दोन हातांवर पेपर वाचत बसले होते.

"शिट्टी झालीच नाही," ते म्हणाले. "गॅस्केट गेली असणार."

संध्याकाळी ते स्वतः जाऊन नवी गॅस्केट घेऊन आले. पुढच्या महिन्यात डाळ पुन्हा जळली. ते पुन्हा गॅस्केट घेऊन आले. त्यानंतर कुकर लावून घराबाहेर जाणं वीणाताईंनी बंद केलं.

आपल्याला कमी ऐकू येतं हे घैसासांना माहीत होतं का? होतं आणि नव्हतं. अभिमानी माणसाचं मन मोठं कसबी असतं. नको ती गोष्ट ते अशा कोपऱ्यात सरकवून ठेवतं की मालकालाही सापडू नये. कारखान्यात दरवर्षी कानांची तपासणी होई. काचेच्या खोलीत बसायचं, हेडफोन लावायचा, आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. तीन वर्षांपूर्वी बारीक आवाजांची पाळी आली आणि काही ऐकू येईना, तेव्हा त्यांची नजर सहज काचेकडे गेली. पलीकडे नर्स लताबाईंचं बोट यंत्राची कळ दाबताना दिसलं. त्यांनी बटण दाबलं. त्या वेळी ते नकळत घडलं म्हणू. पण पुढच्या वर्षी त्यांनी बसण्याआधी खुर्ची स्वतःच जराशी वळवून घेतली होती. रिपोर्ट आला: कान उत्तम. घैसासांनी तो घरी आणून वीणाताईंना वाचून दाखवला आणि वाचता वाचता त्यावर विश्वासही ठेवला.

यंदा मृणाल आली. पुण्याची इंजिनिअर, सव्वीस वर्षांची, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. गिअरबॉक्सचा आवाज सेन्सरने टिपून निकाल देणारं मशीन बसवायचं काम तिच्याकडे होतं. पहिल्या दिवशी मराठी नाव वाचून ती धावतच घैसासांकडे आली होती. "काका, तुमच्याबद्दल किती ऐकलंय!" त्यांना ती आवडली. मशीन अजिबात आवडलं नाही.

त्या बुधवारी एकाच लॉटमधल्या अकरा गिअरबॉक्सवर मशीनने लाल दिवा दाखवला. घैसासांनी अकराही पुन्हा बेंचवर चढवले, स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले आणि एकेकावर हिरवा ठिपका ठेवला. भोवती जमलेल्यांतल्या कुणीतरी टाळी वाजवली. प्लांटचे मुख्य राजीव मल्होत्रा हसून म्हणाले, "घैसासजी ने बोल दिया तो बोल दिया. मशीन बंद करो, लॉट शुक्रवार को निकालो." मृणालकडे वळून ते इंग्रजीत काहीतरी म्हणाले. त्यातलं 'प्रोबेशन' एवढंच घैसासांना कळलं, पण तेवढं पुरे होतं.

सगळे पांगल्यावर ती बेंचजवळ आली. "काका, रागावू नका. एकदा मला तुमचा स्क्रू ड्रायव्हर द्याल?" तिने मूठ कानामागे लावली. "मला येतेय शिट्टी, दात घासल्याची. अगदी बारीक. तुम्हीच ऐका ना परत."

घैसासांनी ऐकलं. घरघर होती, तिच्याखाली बेंचच्या मोटरचा घुमारा होता. आणखी काही नव्हतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"भास आहे तो," ते म्हणाले. "कान तयार व्हायला वर्षं लागतात, बाळ."

तिने मान हलवली. तिने मानलं की नाही कोण जाणे. पण तिच्या चेहऱ्यावर क्षणभर स्वतःबद्दलचीच शंका दिसली, आणि ती पाहून घैसासांना सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज त्यांना कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर वाटू लागली.

घरी चहा पिताना त्यांनी वीणाताईंना सगळी हकीकत सांगितली: मशीन कसं तोंडघशी पडलं, मल्होत्रा काय म्हणाले, लोकांनी टाळ्या कशा वाजवल्या. एका टाळीच्या टाळ्या झाल्या होत्या. वीणाताई ऐकत होत्या.

"आणि ती मुलगी?"

"जाईल परत पुण्याला. हुशार आहे, मिळेल दुसरीकडे."

वीणाताईंनी कप खाली ठेवला. मग त्या समोर येऊन बसल्या, त्यांना आपला चेहरा नीट दिसेल अशा. हल्ली त्या नेहमी तशाच बसत. का, ते घैसासांनी कधी विचारलं नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "गॅस्केट चांगली होती. दोन्ही वेळा."

घैसास उसळले नाहीत. त्यांना वाटलं होतं की असं कुणी कधी बोललं तर आपण घर डोक्यावर घेऊ. पण बायकोच्या डोळ्यांत आरोप नव्हता, थकवा होता; आपला अभिमान इतके दिवस ही सांभाळत होती आणि आता हिला तो पेलवत नाही, एवढं त्यांना दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लाइनवर न जाता थेट मल्होत्रांच्या केबिनमध्ये गेले. मृणाल तिथेच उभी होती, मशीन बंद करण्याच्या कागदावर सही घ्यायला आलेली.

"सर, लॉट रोकिए," घैसास म्हणाले. "और मेरे कान की जाँच करवाइए. अभी, आप दोनों के सामने."

"आपके कान की?" मल्होत्रा हसले. मग त्यांचा चेहरा बघून उठले.

दवाखान्याच्या खोलीत घैसासांनी खुर्चीची पाठ धरली आणि लताबाईंना म्हणाले, "इस बार कुर्सी उधर घुमा दीजिए. दीवार की तरफ." लताबाईंनी एकदा काचेकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि खुर्ची वळवली.

ते काचेकडे पाठ करून बसले. हेडफोन चढला. जाड आवाज आला, बटण. त्याहून थोडा वरचा, बटण. तिसरा खूप लांबून आल्यासारखा, बटण. मग शांतता. समोरच्या भिंतीवर एक खिळा होता, ते त्याच्याकडे बघत थांबले. अंगठा बटणावर तयार होता. लताबाईंना कुणी हाक मारली असेल, त्या जरा थांबल्या असतील. शांतता संपेना, तेव्हा ते वळले.

"रुक गईं क्या?"

लताबाईंचं बोट कळीवरच होतं. यंत्राचा आवाजाचा काटा शेवटाला टेकला होता. मल्होत्रा जमिनीकडे बघत होते आणि मृणालच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

घैसासांनी हेडफोन काढला, सावकाश वायर गुंडाळून तो ठेवून दिला. इतकी वर्षं ज्या क्षणाला ते भ्याले होते तो येऊन गेला होता, आणि ते अजून पायांवर उभे होते. दुःख होतं, भरपूर होतं. पण लपवण्याचं ओझं उतरलं होतं.

लाइनवर अकरा गिअरबॉक्स ओळीने ठेवले होते. घैसासांनी खिशातून लाल मार्कर काढला. टोपण लवकर निघेना. मृणाल पुढे झाली.

"काका, द्या, मी लावते."

"नको," ते म्हणाले. "हिरवे मी लावले होते."

आणि एकेका हिरव्या ठिपक्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने लाल ठिपका लावला. अकराच्या अकरा.