वच्छलाबाईंच्या हातचं दही

बिडकीनच्या अलीकडं, कपाशीच्या रानाला लागून वच्छलाबाईंचं घर. गावात कुणी परीक्षेला निघालं, कुणाची लेक नांदायला निघाली, कुणाची कोर्टात तारीख लागली, की पावलं आधी त्यांच्या ओट्याकडं वळायची. वच्छलाबाई तळहातावर दही-साखर ठेवायच्या अन् म्हणायच्या, "ये जाऊन." नुसतं 'जा' असं उभ्या जन्मात कुणाला म्हटलं नाही. रझाकारांच्या धामधुमीत त्यांच्या सासूनं असंच दही देऊन आपल्या नवऱ्याला वाटेला लावलं होतं, आणि तो धडधाकट परत आला होता. तेव्हापासून या घरच्या हाताला गुण आहे, अशी गावाची खात्री.

बायका चेष्टाही करायच्या. "काकू, तुमचं दही खाऊन आमचा बाळ्या दहावीला पुन्हा नापास झाला की वो!"

"दही म्या दिलं," वच्छलाबाई म्हणायच्या, "डोकं त्याच्या बापानं द्यायचं व्हतं."

अशा बाईच्या नातवाला, पाच वर्षांच्या बन्सीला, जांघेत अंतर्गळ निघालं. पोरगं खोकलं की लिंबाएवढी गाठ वर यायची. ऑपरेशन ठरलं. सून ओली बाळंतीण, म्हणून मुलगा कारभारी आणि वच्छलाबाई बन्सीला घेऊन संभाजीनगरच्या दवाखान्यात येऊन राहिले. नर्सनं आदल्या संध्याकाळीच बजावलं, "रात्रीच्या जेवणानंतर पोराला काही खायला द्यायचं नाही. उपाशी पोटीच भूल देतात."

वच्छलाबाईंनी मान डोलावली. पण त्यांच्या हिशेबी खाणं निराळं आणि दही-साखर निराळी. दही तर उपासालाही चालतं! तो शकुन, त्यानं कुठं उपास मोडतो?

उजाडता उजाडता कारभारी चहाला खाली गेला आणि त्यांनी घरून आणलेला डबा उघडला. द्यायचं होतं चमचाभरच. बन्सीनं चमचा चाटूनपुसून साफ केला आणि म्हणाला, "आजी, अजून."

कोणती आजी नाही म्हणेल? बघता बघता डब्याचा तळ दिसला.

"बापाला सांगू नको हां."

"आन् डॉक्टरला?"

"त्यांनाबी नको."

ऑपरेशनच्या आधी तिघांना एका लहानशा खोलीत नेलं. तिथं डॉक्टर आबेदा बसल्या होत्या. उस्मानपुऱ्यात वाढलेल्या, लहान मुलांना भूल देणाऱ्या. समोर सोनोग्राफीचं मशीन.

वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई! पोराची सोनोग्राफी? त्याला काय दिवस गेलेत व्हय?"

आबेदा मॅडम खळखळून हसल्या. "नाही हो आजी. मी एक अभ्यास करतेय. भूल द्यायच्या आधी प्रत्येक मुलाचं पोट खरंच रिकामं आहे का, ते बघते. काही मुलं गरज नसताना फार वेळ उपाशी राहतात, कोमेजून जातात. आणि काहींना घरचे गुपचूप भरवतात. विचारलं की सगळे एकच सांगतात: काही नाही खाल्लं. म्हणून मी पोटालाच विचारते." मग कारभारीकडं वळल्या. "काही दिलंय का याला?"

"नाय मॅडम. पाण्याचा थेंब नाय."

बन्सीनं आजीकडं पाहिलं. आजीनं भिंतीकडं.

पोटावर गार जेल लागलं तसं पोरगं खिदळलं. मॅडमनी यंत्राची मूठ फिरवली. काळ्या पडद्यावर राखाडी रेघा हलल्या, विरल्या, पुन्हा जमल्या. आणि मग मॅडमचा हात थांबला.

"इकडे बघा आजी. ही जठराची पिशवी. रिकामी असती तर चपटी दिसली असती. ही फुगलीय. आत ढगासारखं दिसतंय ना? काहीतरी दाट आहे."

वच्छलाबाई बघतच राहिल्या. चामडीला ओरखडा नाही, सुई नाही, अन् पोराच्या पोटातलं पहाटेचं दही पडद्यावर हलत होतं! देवासमोर नजर खाली जावी, तशी त्यांची नजर खाली गेली.

"दही हाय त्ये," त्या म्हणाल्या. "म्या दिलं."

"आई!" कारभारी ओरडलाच. "नर्सबाईनं सांगितलं व्हतं ना? कळत नाय का तुला?"

"ओरडू नका," आबेदा मॅडम म्हणाल्या. "आजी, कशाला दिलंत?"

"लेकरू एवढ्या मोठ्या कामाला निघालं. मोकळ्या हातानं कसं धाडू?"

मॅडमनी यंत्राची मूठ खाली ठेवली. "आमच्याकडं इमाम-जामिन, नाणं गुंडाळलेली पट्टी, बांधतात दंडाला, सुखरूप परत यावं म्हणून. माझ्या नानीनं प्रत्येक परीक्षेला बांधला. माया तीच. पण तो दंडावर राहतो, आजी. दही पोटात जातं. भुलीत पोराचा घसाही झोपतो. पोटातलं वर आलं तर त्याला खोकता येत नाही. ते सरळ फुप्फुसात उतरतं. त्यात पोर जाऊ शकतं."

वच्छलाबाईंनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. या हाताला गुण आहे म्हणायचं गाव.

"मंग आता? परत घेऊन जाऊ का?"

"नको. याचा नंबर शेवटी लावते. मधे साखरेचं पाणी मी सांगेन तेव्हा, सांगेन तेवढंच. नंतर पुन्हा पोट बघेन. रिकामं दिसलं तरच भूल."

त्या दिवसाएवढा लांब दिवस वच्छलाबाईंनी पाहिला नव्हता. शेजारच्या खाटेवर कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला आणि बन्सीनं भोकाड पसरलं. "आजी, एकच दे! एकच!" ज्या बाईनं दारातनं कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही, ती पोराला छातीशी घट्ट धरून म्हणत होती, "नाय राजा. नाय म्हंजे नाय." त्यानं आजीला बुक्क्या मारल्या, चावा घेतला. त्यांनी पकड सोडली नाही. मॅडमनी साखरेचं पाणी पाठवलं, तेव्हा कुठं तो शांत झाला.

पुन्हा जेल, पुन्हा पडदा. या वेळी ढग नव्हता. पिशवी चपटी, काळीभोर.

"दिसतंय?"

"काईच नाय की," वच्छलाबाई कुजबुजल्या. काहीच नसणं इतकं सुंदर असतं, हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं.

पोर झोपेपर्यंत घरचं एक माणूस आत येऊ शकतं, असं मॅडम म्हणाल्या. कारभारी घाबरून मागं सरला. वच्छलाबाई हिरवा झगा घालून आत गेल्या. मॅडमनी बन्सीच्या तोंडावर मास्क धरला. "फुगा फुगव बरं, मोठ्ठा!" मास्कला जोडलेली रबरी पिशवी फुगली, बसली, फुगली. तिसऱ्या-चौथ्या फुंकरीला पोराचे डोळे मिटले. मॅडमनी दोन बोटं त्याच्या हनुवटीखाली घातली, जबडा अलगद उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"आता तुमी कुठं जाणार, बाई?" वच्छलाबाईंनी विचारलं. त्यांना वाटायचं, मोठा डॉक्टर म्हणजे कापणारा. भूल देणारी डॉक्टर सुई टोचून निघून जात असेल.

"कुठंच नाही. हा उठेपर्यंत याच्या उशाशी. याचा एकेक श्वास मोजत."

वच्छलाबाई मॅडमच्या त्या दोन बोटांकडं बघत राहिल्या. पोरांना वाटेला लावणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती, त्या स्वतःच त्यातल्या होत्या. पण सगळी उंबऱ्यापर्यंतची. पोरासंगं त्या अंधारात उतरून, हनुवटी धरून, परत घेऊन येणारं माणूस त्या आज पाहत होत्या. मग त्या बाहेर आल्या.

संध्याकाळी बन्सीनं डोळे उघडले. आवाज घोगरा, ओठ सुकलेले. खाटेभोवती कारभारी, नर्स, आबेदा मॅडम.

"आजी," तो म्हणाला, "लई भूक लागली."

कारभारीचा हात बिस्किटाकडं गेला. वच्छलाबाईंनी तो जागच्या जागी धरला आणि मॅडमकडं पाहिलं.

"आधी घोटभर पाणी," मॅडम हसून म्हणाल्या. "ते पचलं की मग द्या."

वच्छलाबाईंनी बन्सीच्या ओठांना पाण्याचा चमचा लावला. त्यानं घोट गिळला. त्याची छाती वर-खाली होत होती, आणि त्या ती बघत बसल्या.