कोऱ्या डिस्कची प्रत

मित्रमंडळी, आज सकाळपर्यंत मी आमच्या घरातला संगणकतज्ज्ञ होतो. ही पदवी मीच मला दिली होती.

बायकोचा संगणक फार रखडायचा. म्हणून जुन्या हार्ड डिस्कवरची विंडोज, सगळ्या फायलींसकट, नव्या डिस्कवर न्यायचं मी ठरवलं. गोंधळ नको म्हणून नवी डिस्कही त्याच कंपनीची, तेवढ्याच क्षमतेची आणली.

मधुरा दहावीच्या शिकवण्या घेते. तिच्या सगळ्या प्रश्नपत्रिका त्याच संगणकात होत्या. "अहो, आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घेऊ या का?" तिनं विचारलं.

"अगं, तू दाराची कडीसुद्धा दोनदा तपासतेस," मी हसून म्हणालो.

पडद्यावर एकाच नावाच्या दोन डिस्क दिसल्या. मी प्रगाढ आत्मविश्वासानं कोरी डिस्क 'मूळ' म्हणून निवडली. 'दुसऱ्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल ना?' असं यंत्रानं विनयपूर्वक विचारलंही. मी 'हो' म्हटलं. शून्याची अत्यंत निर्दोष प्रत निघाली. नंतर केलेले सगळे उपाय व्यर्थ गेले.

मधुराच्या टोमण्यांना आमची अख्खी सोसायटी वचकून असते. आज ती काळ्या पडद्याकडे बघून एवढंच म्हणाली, "असू दे." मग कागद घेऊन उद्याची प्रश्नपत्रिका हातानं लिहायला बसली. अजून लिहितेच आहे.

टोमण्याला माझ्याकडे उत्तर तयार होतं. 'असू दे'ला काय उत्तर द्यायचं, तेवढं कुणीतरी सांगा.