गुरुवारची अंघोळ

माझी आई गुरुवारी अंघोळ करत नसे. आमच्या भागातल्या बहुतेक कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि आमच्या न्हाणीला दार नव्हतं. एवढं सांगितलं की कारण कळतं.

घर निघोज्याच्या पुढे, कंपन्यांच्या मागच्या अंगाला असलेल्या वस्तीत. ते बाबांनी स्वतःच्या हातानं बांधलं. दर गुरुवारी विटांचे दोन-तीन थर. भिंती झाल्या, वर पत्रे पडले, गिलावा राहिला. संडासाला सरकारी योजनेतलं पत्र्याचं दार मिळालं. शेजारच्या न्हाणीला बाबांनी मुद्दाम रुंद तोंड ठेवलं, कारण कंपनीत परदेशी मशीनच्या खोक्यांचं लाकूड येतं, त्याचं दणकट दार ते स्वतः करणार होते. मग कंपनीत युनियन झाली आणि बाबांचे गुरुवार गेटवर जाऊ लागले. पुढे नोकरी गेली, तसं गेटही गेलं. इकडच्या कुठल्याच कंपनीत त्यांना कुणी उभं करीना, म्हणून ते गुजरातेत कामाला गेले, तेही ठेकेदाराकडं. दर फोनला सांगायचे, "दिवाळीला आलो की दार बसवतो. विकतचं आणू नका, प्लास्टिकचं असतं ते." पाच दिवाळ्या आल्या आणि गेल्या. विकतचं दार त्या रुंद तोंडाला बसत नाही, आणि गवंडी बघावा तर एवढ्याशा कामाला गवंडी येत नाही. इथं रोज बिल्डिंगा उठतात, तुमच्या न्हाणीचं तोंड बारीक करायला कोण बसलाय?

आधी समोर ज्वारीचं शेत होतं, तोवर आईचं भागत होतं. मग त्या शेतात तीन मजली चाळ उभी राहिली. खोल्या भाड्यानं, सगळी एकटी पोरं, कुणी लातूरचं, कुणी बीडचं, कुणी खेडचं. प्रत्येक मजल्याला गॅलरी, आणि गॅलरीच्या बरोबर समोर आमची न्हाणी. आई न्हाणीच्या तोंडाला जुनी साडी लावायची. वारा सुटला की साडी उडायची, ओली झाली की अंगाला चिकटायची. त्याच पोरांचे डबे आई करायची. ती तिला मावशी म्हणायची. कोण फर्स्ट शिफ्टला, कोण जनरलला, कोण रात्रपाळी करून झोपलंय, हे आईला कंपनीच्या टाइम ऑफिसपेक्षा नीट ठाऊक होतं. फर्स्टवाले गेले, जनरलवाले गेले, सेकंडवाले झोपेत असताना रात्रवालेही येऊन झोपले, की सव्वानऊला अर्धा तास गॅलरी रिकामी असे. त्या अर्ध्या तासात आई अंघोळ करायची. गुरुवारी तो अर्धा तास नसायचा. मार्गशीर्षातले गुरुवार ती लग्नाआधीपासून धरत आलेली. ते तिनं सोडले. पारोशानं घट मांडायचा नाही म्हणून.

मी वाचायला शिकले ती बाबांच्या पत्रकांवर. आमच्याकडं पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. हक्क, मागणी, निषेध हे शब्द मला बाराखडीच्या आधी दिसले असतील. उपकार हा शब्द घरात बाबा चालू देत नसत. आईची रीत वेगळी. नळाला पाणी आलं की नळाला हात लावून तो कपाळाला लावायची. सिलेंडर देणाऱ्या माणसाला म्हणायची, "देव तुझं भलं करो, लेकरा." गेलेली लाइट आली तरी हात जोडायची. मी दहावीत असताना तिला म्हणाले होते, "तू गुलाम आहेस. गुलाम असेच सारखे हात जोडतात." ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, "जोडू दे की. माझे हायेत हात." आणि भाकरी तव्यावर टाकली.

नंतर मी शिकायला ताथवड्याला गेले, होस्टेलवर राहिले. तिथल्या बाथरूमला आतून कडी होती. पहिल्या आठवड्यात मी ती दोन-दोनदा लावून बघितली. आईला मात्र सांगितलं नाही.

चाळीचा मालक म्हणजे गावातलाच एक जुना बागायतदार. जमिनी कंपन्यांत गेल्यावर तो ठेकेदार झाला, आता पुढारी होत होता. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. पंचायतीची निवडणूक जवळ आली तसा तो गल्लीगल्लीत फिरू लागला आणि गल्लोगल्ली फ्लेक्स लागू लागले. कुणाच्या दारात पेव्हर ब्लॉक बसले, कुणाला पाइप मिळाला, लगेच फ्लेक्स. वर 'मनःपूर्वक आभार', मध्ये हात जोडलेला गावकरी, बाजूला त्याच्या चौपट मोठे भाऊ. काम पुरं होवो न होवो, फ्लेक्स आधी लागायचा.

तो आमच्या दारात आला तेव्हा मी घरी होते. आईनं चहा दिला आणि पदर सारखा करून न्हाणीचं सांगितलं. तो उठून बघायला गेला. न्हाणीच्या तोंडाशी उभा राहिला, मागं वळून स्वतःच्या चाळीकडं बघितलं. त्याला कळलं. मला दिसलं त्याला कळल्याचं.

"व्हय वैनी, हे काय बरोबर न्हाई," तो म्हणाला. "आमचे गवंडी हायेत, सोमवारी चौकट बसवून टाकतील. दार बी आमीच देतो. तुमी फकस्त एक फोटो द्या." मग माझ्याकडं बघून हसला. "आन् मजकूर ताई लिव्हतील. ताई पेपरात लिव्हतात म्हनं."

मी म्हणाले, "लिहीन की."

आईनं माझ्याकडं इतक्या प्रेमानं बघितलं की मला रागच आला.

फोटो काढायला त्याचा माणूस आला तो गुरुवारी. आई पारोशीच होती. तिनं तोंड धुतलं, लग्नाकार्याची साडी नेसली आणि उघड्या न्हाणीला पाठ करून उभी राहिली. "मावशी, हात जोडा. जरा हसा की, दार मिळतंय!" आई हसली.

मजकूर मी ताथवड्याहून व्हॉट्सॲपवर पाठवला, थेट फ्लेक्सच्या दुकानात. वर नेहमीसारखंच मोठ्या अक्षरात 'मनःपूर्वक आभार'. खाली मी लिहिलं होतं:

'भाऊ, आपण या बाईंच्या न्हाणीसमोर तीन मजली चाळ बांधलीत. गॅलरीतल्या सगळ्यांना दिसेल अशा उघड्या न्हाणीत त्यांनी अंघोळ केली. सुट्टीच्या दिवशी केली नाही. आता आपण दार देत आहात. आधी उघडं पाडायचं, मग झाकायचं, आणि वर हात जोडून घ्यायचे. या समाजसेवेबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.'

ते लिहून झाल्यावर मी तीन वेळा वाचलं. मला फार आवडलं. 'आधी उघडं पाडायचं' हे वाक्य बाबांच्या कुठल्याही पत्रकापेक्षा चांगलं आहे, असं वाटलं.

दुकानदाराचा फोन आला. "मॅडम, मॅटर जास्त आहे. फॉन्ट लहान होईल."

"होऊ दे."

"शुद्धलेखन तुमच्यावर हां. आम्ही वाचत नाही, पेस्ट करतो."

सोमवारी चौकट बसली. तासाभरात दोन माणसांनी बाबांचं पाच वर्षांचं काम उरकलं. सिमेंट मुरायला चार दिवस द्या, शुक्रवारी दार लावू, असं सांगून ते गेले. दार भिंतीला टेकून उभं होतं. आईनं फोनवर सांगितलं की ती त्याला जाता-येता हात लावून बघते. "कडी आतून बी हाय आन् बाहेरून बी," ती म्हणाली. "पुढल्या गुरुवारी डोक्यावरून न्हाणार बघ."

मंगळवारी फ्लेक्स लागला, नाक्यावर, पानटपरीच्या वर. आईचा पुन्हा फोन. "फोटो बरा आलाय गं. चेहरा भरल्यावानी दिसतोय. खालचं बारीक हाय, मला चष्म्याबगर लागलं न्हाई. पर तू लिव्हलंस ते बरं केलंस."

तेव्हा सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मी भडका उडायची वाट बघत होते.

भडका उडाला नाही. बुधवारी दुपारी मी मुद्दाम गावी गेले. फ्लेक्सखाली पोरं कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती, सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. एका माणसानं वर बघितलं, पान थुंकला आणि निघून गेला. खुद्द भाऊ गाडीतून त्याच्याखालून गेला, स्वतःचा फोटो बघितला आणि काच वर केली. आभाराच्या फ्लेक्सवरचा मजकूर कुणीच वाचत नाही. मी नाक्यावर अर्धा तास उभी होते आणि मला आयुष्यात इतका अपमान कधी वाटला नव्हता.

तसंच राहू दिलं असतं तर पावसानं फ्लेक्स धुतला गेला असता, वाऱ्यानं फाटला असता, आणि शुक्रवारी दार बसलं असतं. हे मला नाक्यावर उभी असतानाच स्पष्ट कळत होतं. तरी मी टपरीवाल्याच्या स्टुलावर चढले, मजकुराचा जवळून फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला. स्टेटसलाही ठेवला. वर लिहिलं, 'वाचा.'

मग लोकांनी वाचलं.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. मी स्पीकर लावला, आईला ऐकू जावं म्हणून. "वाघीण आहे माझी पोरगी!" बाबा ओरडत होते. "आमच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. एकेक शब्द म्हणजे हातोडा!"

आई परातीत पीठ मळत होती. तिनं विचारलं, "काय लिव्हलंय?"

मी वाचून दाखवलं. पूर्ण. 'आधी उघडं पाडायचं' म्हणताना माझा आवाज आपोआप चढला. भाषणात चढतो तसा.

आईनं हात धुतले, उठली, बाहेर जाऊन भिंतीला टेकलेल्या दाराजवळ थोडा वेळ उभी राहिली. मग आत येऊन उरलेलं पीठ मळलं. पोरांचे डबे होते.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. पोरं डबे न्यायला आली ती एकेक करून न येता घोळक्यानं आली आणि दाराच्या बाहेरच थांबली. कुणी मावशी म्हणेना. एकानं डबा घेतला तो खाली बघतच. दुसरा, लातूरकडचा, मला म्हणाला, "ताई, आम्ही कधी तिकडं मान वळवून बघितलं न्हाई. आम्हाला बी आया हायेत गावाकडं. तुम्ही आम्हालाच चोर केलं की." मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "मला तर ठाऊकच नव्हतं, तिथून दिसतंय म्हणून." आणि दोघं-तिघं हसले. त्यातल्या एकानं, मी बघत असतानाच, चाळीच्या गॅलरीकडं बघितलं आणि मग न्हाणीकडं. अंतर मोजावं तसं.

ती सगळी गेल्यावर आई बोलली. "मला वाटायचं, बघत असतील. पाच वरसं वाटायचं. आज कळलं, कुणीच बघत नव्हतं." तिनं रिकामी टोपली उपडी ठेवली. "आता बघतील."

"त्यांनी बघितलं तर लाज त्यांना वाटायला पाहिजे," मी म्हणाले. "तुला कशाला?"

"व्हय," आई म्हणाली. "तू ताथवड्याला जा आन् तिथून सांग त्यांना."

शुक्रवारी दार लावायला माणसं आली नाहीत, न्यायला आली. भाऊ स्वतः आला होता. आवाज चढवला नाही. चहा नको म्हणाला. "वैनी, राग न्हाई हां आमचा. ताईंना आमचं काम पटलं न्हाई, तर जबरदस्ती कशाला? चौकट राहू द्या, भिंतीत बसलीय ती." आई हात जोडून उभी होती. मला वाटलं ती विनवणी करणार. ती म्हणाली, "चौकटीबद्दल उपकार झाले, भाऊ." तो जरा गडबडला. निघताना त्याच्या माणसानं काढलेला फ्लेक्स गुंडाळून ओट्यावर टाकला. "हे तुमचं."

पुढचे दोन महिने आईकडं निम्मेच डबे राहिले. काही पोरांनी दुसरी मेस धरली. जी राहिली ती डबा घेऊन लगेच निघायची. बाबांनी मला फोन करून सांगितलं की लढाईत एवढं व्हायचंच. मी हो म्हणाले. तेही कुठल्याशा कडी असलेल्या खोलीतून बोलत होते.

चाळ बेकायदा होती, माणूस मतलबी होता, माझ्या मजकुरात एकही शब्द खोटा नव्हता. हे मी आजही म्हणते. आणि तो मजकूर माझ्या आईच्या फोटोखाली छापून मी तिला नाक्यावर उघडं उभं केलं, हेही खरं आहे. गॅलरीतल्या पोरांनी पाच वर्षांत केलं नाही ते मी एका बुधवारी केलं.

मी पुन्हा घरी गेले तेव्हा आईनं हातोडी आणि खिळे काढून ठेवले होते. फ्लेक्सचं कापड साडीपेक्षा जाड असतं, उडत नाही, भिजत नाही. "चौकटीला ठोक," ती म्हणाली. मी छापील बाजू बाहेर ठेवून लावायला लागले.

"तसं न्हाई. अक्षरं आतून."

"तुला रोज बघायला लागेल ते."

"मला चष्म्याबगर लागत न्हाई. तू आलीस का तू वाच."

मी वरच्या बाजूला ओळीनं खिळे ठोकले. खालची बाजू मोकळी ठेवावी लागली, आत-बाहेर करायला. तो गुरुवार होता. मी म्हणाले, मी जाते अंघोळीला. आईनं पाणी काढून दिलं आणि डब्यांना लागली.

समोरच्या गॅलरीत रेडिओ चालू होता, पोरं दात घासत होती, एकमेकांना शिव्या देत होती. मी पाटावर बसले. समोर, हातभर अंतरावर, आई हात जोडून हसत होती, बाजूला चौपट मोठे भाऊ, आणि तिच्याखाली माझी अक्षरं, जवळून चांगली मोठी दिसणारी. वारा आला. फ्लेक्सचं खालचं टोक उचललं गेलं आणि बाहेरचे आवाज एकदम थांबले. मी एका हातानं ते टोक धरलं, दुसऱ्या हातानं तांब्या. एका हातानं डोक्यावर पाणी घेता येतं, साबण लावता येत नाही. मी तशीच बसून राहिले.

बाहेरून आई म्हणाली, "झालं का गं? पाणी गार होतंय."