फिटर, त्याची वही आणि कोचबाई

कारखान्याला टाळं लागलं तेव्हा फिटरचं वय त्रेपन्न होतं. अठ्ठावीस वर्षं मशीन दुरुस्त करणारे हात सात महिने घरातले नळ आवळत बसले. शेवटी बायको म्हणाली, "अहो, निदान गळेपर्यंत तरी थांबा."

चार मुलाखती झाल्या. चौघांनीही "कळवतो" म्हटलं, कळवलं कुणीच नाही. आता पाचवी. तीही हुकली तर मेहुण्याच्या फरशीच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं ठरलं होतं. दिवसभर खुर्चीत बसायचं आणि वर मेहुण्याचे विनोद ऐकायचे, या कल्पनेनेच फिटरची जेवणावरची वासना उडाली.

मग मुलीने पहिल्या पगारातून कोचबाई ठरवली. नोकरी देणारी नव्हे, मिळवायला शिकवणारी. कामाची शिकवणी असते, काम मागायची कसली, असं फिटर दोन दिवस पुटपुटला. तिसऱ्या दिवशी दाढी करून गेला.

कोचबाई मुलीच्याच वयाची. तिने स्वतःविषयी सांगायला सांगितलं. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, कॉम्प्युटर येत नाही, जिन्यावर गुडघा बोलतो, असं फिटरने घडाघडा सांगितलं.

"काका, चारही ठिकाणी हेच सांगितलंत?"

"लपवायचं कशाला?"

तिने अभ्यास दिला. आजवर चांगली केलेली वीस कामं लिहून आणायची. फिटर कामचुकार नव्हता. तीन दिवसांत त्याने अर्धी वही भरली. बाईने वाचायला घेतली. दोन नंबर पंप, सील फुटलं. पट्टा सरकला. कॉम्प्रेसर गरम. पानामागून पान नुसते बिघाड, आणि प्रत्येकापुढे बरोबरची छोटी खूण.

"यात तुम्ही काय केलंत?"

फिटरने खुणेवर बोट ठेवलं. पाळी बदलताना रजिस्टर असंच लिहायचं असतं. बिघाड शब्दांत, दुरुस्ती खुणेत. पुढच्या पाळीच्या माणसाला बिघाड कळला पाहिजे, कौतुक ऐकून तो काय करणार?

बाई हसली. बाहेरच्या माणसाला ही खूण वाचता येत नाही, म्हणाली. एकेका खुणेचं एकेक वाक्य करून आणा. हे काम गिअरबॉक्स उचलण्यापेक्षा जड निघालं. फिटर ओट्याशी बसून लिही, खोडी. कशीबशी "सील बदललं" एवढी मजल गेली. किती वेळात, बाईने विचारलं. चाळीस मिनिटांत. इतरांना किती लागतो? दोन तास.

"मग तेही लिहा."

"ही बढाई झाली, मॅडम."

"हे माप झालं, काका."

मापापुढे फिटरचं काही चालत नसे. घरी जाऊन त्याने सगळी वही पुन्हा लिहून काढली. रोज जेवणं झाली की मुलगी साहेब व्हायची, बायको पंच. त्याचा आवाज खाली गेला की बायको ताटावर चमचा वाजवायची.

पाचवी मुलाखत बाटल्या भरायच्या कारखान्यात होती. फिटरने तीन कामं सांगितली, वेळेसकट. घाम फुटला, पण आवाज खाली गेला नाही. साहेबाने कमतरता विचारल्या तेव्हा तर त्याला हायसं वाटलं. डाव्या कानाचं त्याने सांगितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढचंही सांगितलं: म्हणून मी मशीनवर तळहात ठेवून बघतो, थरथर कानाच्या आधी हाताला कळते.

साहेबाने त्याच्या हातांकडे पाहिलं. "सोमवारपासून या."

"रविवारी कारखाना बंद असतो?"

"असतो."

"मग रविवारी येतो. चालू मशीनची झाकणं उघडता येत नाहीत. एकदा आतून बघून घेईन."

रविवारचा पगार मिळणार नाही, साहेबाने बजावलं. पगाराचं नाही, फिटर म्हणाला, ओळख करून घ्यायची आहे.

घरी बायकोने कपाळाला हात लावला. सात महिने घरी बसलेल्या माणसाला एक दिवस दम निघत नाही, हे तिने शेजारणीला ऐकू जाईल असं सांगितलं. रविवारी मात्र त्याच्याआधी तीच उठली, आणि डबा भरून दाराशी ठेवला.