पेंटर, अश्शी पायजे!

बसा. तो थिनरचा डबा पालथा करा आणि बसा. खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर गफूरभाई बसतात.

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो, ते साचतात. ही पत्र्याची भिंत बघा. गाडीवर रंगाची गन चालवायच्या आधी पहिला फवारा मी इथं मारून बघतो. बावीस वर्षं मारतोय. मूळ पत्रा कोणत्या रंगाचा होता, आता मलाही आठवत नाही. कुठंही बोट ठेवा, एक किस्सा निघतो. ऐकणाऱ्याला हसू येतं. मला दम लागतो.

दम खरंच लागतो. नांदेडच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं, "पेंटर, आता गन खाली ठेवा." दसऱ्याला ठेवणार आहे, घरी तसं कबूल केलंय. पण एक गोष्ट मनातून जात नव्हती. बावीस वर्षांत एवढ्या गाड्या रंगवल्या, त्यातली एकसुद्धा मी केली तशी राहिली नाही! कोणी आठ दिवसांत, कोणी सहा महिन्यांत, परत दारात हजर. "पेंटर, जशी होती तशी करून द्या." गन ठेवायच्या आधी माझ्या हातची एक गाडी, फक्त एक, तशीच्या तशी बघायला मिळावी. बस, दुसरं काही मागणं नव्हतं.

गफूरभाईंना हे बोललो. गफूरभाई म्हणजे आमचे डेंटर, चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारे. या औंढा रोडच्या शेडमध्ये आम्ही दोघंच. ते बशीतला चहा फुंकत म्हणाले, "कायम तो निजाम बी नै रहे, तेरी गाडी क्या रहती?"

*

ही सगळी तकलीफ मोबाईलनं आणली. पूर्वी गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "पांढरा मारा." विषय संपला. आता येतं ते मोबाईल पुढं करतच येतं. "पेंटर, अश्शी पायजे!"

बघावं तर इटलीची पिवळी गाडी. जपानची जमिनीला चिकटलेली. फ्रान्सच्या कुठल्या तरी गल्लीत उभी असलेली गोल डोळ्यांची. मी हैदराबादच्या पुढं गेलो नाही, पण जगातले सगळे रस्ते मला तोंडपाठ झालेत. कुठं खड्डा नाही, म्हैस नाही, सोयाबीन वाळत घातलेलं नाही. गाड्या सुंदर असतात, नाही म्हणत नाही. मी स्वतः कितीदा तरी फोटो मोठा करून करून बघतो.

गफूरभाईंनी एकदा चष्मा वर करून एक फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "रोड पे एक आदमी नै. इसलिए सुंदर दिखती!"

*

कुरुंद्याचे दादाराव. हळदीचे बागायतदार, मोठा माणूस. त्यांना इटलीवाली पिवळी पाहिजे होती. पण पिवळा म्हणजे नेमका कोणता? त्यांच्या मोबाईलवर तो लिंबासारखा दिसायचा आणि मेहुण्याच्या मोबाईलवर केशरी. दोघं माझ्यासमोर तासभर भांडले. शेवटी दादारावांनी खिशातून पुडी काढली. घरची हळद!

"हा घ्या रंग. बराबर असाच पायजे."

चार दिवस मी रंग मिळवत बसलो. हळदीची पुडी एका हातात, डबा दुसऱ्या हातात. जेवायला बसलो की भाजीकडे बघूनसुद्धा मला तोच विचार. पण जमला! गाडी उन्हात उभी केली तर दादाराव पाच मिनिटं तिच्याभोवती फिरतच राहिले. मला वाटलं, ही राहणार.

आठव्या दिवशी गाडी परत.

"काय झालं, दादाराव?"

"पांढरी करा."

"काहून?"

"हळदीच्या मोंढ्यात उभी करता येईना ना! एक व्यापारी म्हणतो, पॉलिश बरं हाये, पण माल मागच्या सालचा दिसून राहिला. दुसऱ्यानं तर नखानं वरखडूनच पाहिलं. मी म्हणलं, काय करून राहिला बे? तर म्हणतो, आतून कसा निघतो ते पाहून राहिलो!"

दादारावांचा आवाज चढला होता. माणूस खरंच दुखावला होता.

"पेंटर, पांढरी करा. पांढऱ्याला कोणी भाव करत न्हाई."

*

जवळा बाजारचा एक नवरदेव होता. नाव सांगत नाही, आता दोन लेकरांचा बाप आहे. त्याला जपानची पाहिजे होती, जमिनीला पोट घासणारी. लग्नात त्याच गाडीतून जायचं होतं. मी समजावलं, गफूरभाईंनी समजावलं. पोरगं ऐकेना. शेवटी गफूरभाईंनी स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली आणि मी दोन्ही बाजूंनी लाल पट्टे मारले. दिसायला झकास! माझ्याच डोळ्यात पाणी आलं. थिनरचं असेल, पण आलं.

आता मुलीचं गाव पंचवीस किलोमीटर, आणि वाटेतल्या प्रत्येक गावात शिरताना एक आणि बाहेर पडताना एक स्पीड ब्रेकर. माणसं बसलेली असली की गाडी ब्रेकरवर टेकायची. मग काय, ब्रेकर आला की सगळे खाली. करवल्या खाली, मावशी खाली, फेटा सांभाळत नवरदेव खाली. गाडी रिकामी पलीकडं जाणार, मग सगळे परत आत. शेवटी शेवटी तर करवल्यांनी चपला घातल्याच नाहीत, हातात धरून बसल्या.

मुलीच्या मामाचा फोन. "कुठवर आलात? मुहूर्त चालला!"

"सातव्या ब्रेकरवर!"

पोचले तेव्हा पंगतीतला भात गार झाला होता. दारात मुलीची आजी उभी होती. तिनं गाडीकडं पाहिलं, घामेजलेल्या नवरदेवाकडं पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "नवरदेव गाडीत बसून आला, का गाडीला घेऊन आला?"

तिसऱ्या दिवशी गाडी इथं. स्प्रिंगा बदलून हव्या होत्या.

"बरं, आणि पट्टे?"

"पट्टे बी काढा. पट्ट्यानं लोक ओळखून राहिले."

*

मधे एक भला माणूस येऊन गेला. नरसीकडचा शेतकरी, मारोतराव. मोबाईल नाही, फोटो नाही, काही नाही. म्हणाला, "पेंटर, रस्त्याच्या धुळीचा रंग मारा. म्हंजे पुसायची तकलीफच न्हाई."

गफूरभाई खुर्चीतून उठले आणि त्यांनी मारोतरावांशी हात मिळवला. "बावीस साल में पहला अक्कलवाला गिराईक!"

मीही मन लावून काम केलं. नरसी रोडवरची धूळ कागदावर आणून रंग मिळवला. म्हटलं, या गाडीला तर कोणी काही म्हणणार नाही. ही राहिली!

तीन आठवड्यांनी मारोतराव आले. बॉनेट ओरखड्यांनी भरलेलं, रंगाखालचा प्रायमर उघडा पडलेला.

"हे काय, मारोतराव?"

त्यांनी मान खाली घातली. "सासूबाई आल्या होत्या. म्हणल्या, जावयाची गाडी किती मळली! काथ्या आन् राख घेऊन बसल्या. मी शेतात होतो हो."

*

दारं वर उघडणाऱ्या गाडीचं तर विचारूच नका.

एक ठेकेदार होता, विलासराव. त्यांनी कुठून तरी बिजागऱ्या आणल्या आणि गफूरभाईंकडून बसवून घेतल्या. दार उघडलं की बाहेर न येता सरळ आभाळात जायचं. रंग माझा, काळा. असा काळा की त्यात बघून भांग पाडावा.

बाजाराच्या दिवशी विलासरावांनी गाडी जवळा बाजारात नेली आणि लोकांनी बघावं म्हणून दोन्ही दारं वर करून उभी केली. लोकांनी पाहिलं. विलासराव खूष होऊन चहाला गेले, तिथं ओळखीचे भेटले, तासभर गेला.

परत आले तर गाडीच सापडेना! काळी गाडी होती तिथं एक पाल ठोकलेलं. जवळ जाऊन बघतात तर दोन्ही दारांना दोऱ्यांनी जुनी सतरंजी बांधलेली, आणि खाली एक म्हातारी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेली. गिऱ्हाईकही चांगलं जमलेलं.

"अहो आजी! माझी गाडी हाये ही!"

"व्हय का? लई ब्येस हाये बाबा," म्हातारी म्हणाली. "जरा घंटाभर थांबा. कोथिंबीर सुकते."

"घंटाभर? मला जायचंय!"

"मग जा की. गाडीचं कशाला काढून राहिले?"

बाजार उठेपर्यंत विलासराव गाडीच्या चाकाला टेकून बसले होते. म्हातारीनं जाताना एक जुडी मात्र दिली. त्या आठवड्यात दारं परत साधी झाली, आणि दोरीच्या घासण्यानं काळा गेला म्हणून तोही बदलून राखाडी केला.

*

आणि तो सुनील, कॉलेजातला क्लार्क. त्याला अमेरिकेची पाहिजे होती, एका बाजूनं हिरवी दिसणारी आणि दुसऱ्या बाजूनं जांभळी. तो रंग मारणं म्हणजे काय जिवाचं काम असतं ते माझं मला माहीत. तीन रात्री खोकलो. बायको म्हणाली, "आता पुरे करा. तुमच्या छातीत आता कोणत्या रंगाला जागा राहिली?" तिच्या डोळ्यात पाणी होतं.

तर सुनीलची गाडी एका गावात दूधवाल्याच्या सायकलला घासून गेली. माणसाला काही लागलं नाही, दोन कॅन तेवढे सांडले. सुनील घाबरला आणि पुढं जाऊन पारावर उतरून माणसांत मिसळला. इकडं गावातून दोन टोळ्या निघाल्या. एक हिरवी गाडी शोधतेय, दुसरी जांभळी. पारापाशी दोन्ही समोरासमोर आल्या.

"हिरवी होती! मी ह्या डोळ्यांनी पाहिली!"

"तुझे डोळे फुटले का? जांभळी होती!"

गाडी बाजूलाच उभी! हिरवीवाले हिरव्या बाजूला, जांभळीवाले जांभळ्या बाजूला, आणि मधल्या बॉनेटवर दोघंही हात आपटून राहिले. दूधवाला राहिला बाजूला, एकमेकांच्या कॉलरला हात गेले. सुनीलनं स्वतः मधे पडून भांडण सोडवलं म्हणे, आणि दुधाचं भरून द्यायचंही कबूल केलं. वरून दोन्ही टोळ्यांनी त्याची पाठ थोपटली, "पोरगं समजदार हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच तो माझ्या शटरपाशी उभा. "पेंटर, एकच रंग मारा. कोणताबी मारा, पण चारी बाजूंनी एकच!"

*

गेल्या महिन्यात मी आणि गफूरभाई मोटरसायकलवर नरसीच्या पुढं गेलो होतो. एका ट्रॅक्टरचं बॉनेट बघायचं होतं. बहुतेक माझं शेवटचंच काम. ऊन मी म्हणत होतं, मला दम लागला, म्हणून पाणी मागायला एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरापाशी, थांबलो.

कडुलिंबाखाली एक गाडी उभी होती. चाकं नाहीत, विटांवर ठेवलेली. बॉनेटखाली इंजिन नाही, तिथं कोंबडी अंड्यावर बसलेली. चारी दारं वाऱ्याला उघडी, आणि आत साडीची झोळी बांधून त्यात लेकरू झोपलेलं.

आणि रंग मोरपंखी.

मी जागेवरच थांबलो. फ्रान्सच्या गल्लीतला फोटो होता तो. एका तरुण मास्तरानं आणला होता, नऊ वर्षं झाली. बदली झाल्यावर त्यानं गाडी विकली, पुढं किती हात फिरली कोण जाणे; तिचाही रंग कुणी तरी बदलला असेल, असंच मी धरून चाललो होतो. वरच्या चमकेचे पाच हात दिले होते मी तिला. तीन पुरतात, मी पाच दिले होते. कुठं ओरखडा नाही, कुठं दुसरा रंग नाही. तशीच्या तशी!

गफूरभाई माझ्याकडं बघत होते. त्यांनीही ओळखली होती, मागचं मडगार्ड त्यांनीच ठोकलेलं. त्यांनी चष्मा वर केला.

एक आजी ओल्या फडक्यानं दार पुसत होत्या. सावकाश, वरून खाली. मी विचारलं, "आजी, ही भंगारात काहून न्हाई दिली?"

"भंगारवाला दोनदा येऊन गेला की. लेक म्हणला, देऊन टाक, चालत न्हाई ती. मी म्हणलं, इंजन ने, चाकं ने, आतलं काय पायजे ते ने. गाडी इथंच राहील. असा रंग परत कुठं पाहायला भेटतोय?"

मी पुढं झालो. दाराच्या वरच्या कडेपाशी, जिथं मी शेवटचा हात फिरवला होता, तिथं हात ठेवला.

"ओ पाव्हणं!" आजी एकदम ओरडल्या. झोळीतलं लेकरू दचकलं.

गफूरभाईंनी तोंड उघडलं, "माँ, तुमको मालूम है का ये कौन..." मी त्यांचा दंड दाबला.

आजींनी माझा हात मनगटाला धरून बाजूला केला, माझी बोटं उमटली होती तेवढी जागा पदरानं पुसली, आणि म्हणाल्या, "लांबून पहा. हातानं खराब होतोय रंग."